शरीरांतर्गत कॅनाबिनॉइड यंत्रणा : क्षुधा, स्थूलता व आहारविकार यांच्या संदर्भातील इतिहास

भांगेच्या झाडातील (लॅ. कॅनाबिस सटायव्हा) मादक द्रव्ये शरीरातील ज्या ग्राहींवर क्रिया करतात ते ग्राही, त्याच ग्राहींसाठी शरीर स्वतः तयार करीत असलेली द्रव्ये आणि या द्रव्यांची निर्मिती व विघटन घडवून आणणारी एंझाइमे या सर्वांना मिळून ‘शरीरांतर्गत कॅनाबिनॉइड यंत्रणा’ असे म्हणतात. वेदना, स्मृती, निद्रा, भीती, प्रतिकारशक्ती इ. अनेक बाबींशी या यंत्रणेचा संबंध असला, तरी भूक लागणे, अन्न गोड लागणे आणि शरीरात वसेचा साठा होणे या तीन गोष्टींवर तिचे जे नियंत्रण आहे, ते विशेष महत्त्वाचे मानले जाते. स्थूलता व आहारविकार यांच्या उपचारांत या ज्ञानाचा उपयोग करण्याचा मोठा प्रयत्न एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी झाला व तो फसला. या अपयशाचे कारण समजण्यासाठी यंत्रणेच्या शोधाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. या इतिहासाचे पहिले काही टप्पे भारतात, त्यातही गोमंतक व महाराष्ट्र यांच्याशी निगडित आहेत.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : अथर्ववेदात ‘भंग’ हा शब्द आढळतो, तथापि त्याने आजची भांगच अभिप्रेत आहे की काय, याविषयी मतभेद आहेत. शार्ङ्गधरसंहितेत भांगेची गणना ‘व्यवायी’ म्हणजे पचण्यापूर्वीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांत केलेली आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्र याने भावप्रकाशात भांगेचे जे गुण दिले आहेत, त्यांत ती पाचक, ग्राही (मल बांधणारी), मोह व मद उत्पन्न करणारी आणि जठराग्नी वाढविणारी असल्याचे म्हटले आहे. ग्रहणी या विकारावरील जातीफलादी चूर्णात भांग हा एक घटक असतो. म्हणजे भांगेने भूक वाढते, हे निरीक्षण वैद्यांना परिचित होते आणि ते औषधयोजनेतही उतरले होते.

याच परंपरेत कृशता व स्थूलता या दोहोंचा विचार झालेला दिसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांची चर्चा आहे. त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचे विवेचन विस्ताराने केलेले असून त्यांत अतिस्थूलाची चिकित्सा अधिक कठीण मानली आहे. मात्र भूक वाढविणाऱ्या वनस्पतीचा स्थूलतेशी संबंध जोडण्याचे कारण त्या काळी नव्हते. भूक मंदावणे हा रोग आणि ती वाढणे हा आरोग्याचा लाभ, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

गोव्यातील नोंद : भांग व भूक यांच्या संबंधाविषयीची यूरोपीय भाषांतील एक अतिशय जुनी व स्पष्ट नोंद गोव्यात झाली. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. गोव्यात त्याने वैद्यकीचा व्यवसाय केला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह याच्या दरबाराशी त्याचा संबंध होता आणि मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. भारतातील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतातील मुद्रणाच्या आरंभकाळातील हा एक महत्त्वाचा ग्रंथ होय. त्यात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. आपल्या नकळत भांग घेणाऱ्या नोकरांनी तिचे तीन परिणाम सांगितल्याचे ऑर्ता लिहितो : काम जाणवत नाही, मन अतिशय आनंदी होते आणि खाण्याची तीव्र इच्छा होते.

ही नोंद लक्षात घेण्याजोगी आहे. श्रमाची जाणीव कमी होणे, आनंद आणि भूक या तीन गोष्टी एकाच द्रव्याने एकत्र घडतात, हे गोव्यातील त्या अनामिक सेवकांनी आपल्या अनुभवावरून सांगितले. त्यानंतर सव्वाचारशे वर्षांनी या तिन्ही परिणामांमागे एकच ग्राही असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले. ऑर्ताच्या ग्रंथाचा क्लूसियसने केलेला लॅटिन संक्षेप १५६७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यामुळे ही माहिती यूरोपभर पोहोचली. ऑर्ता १५६८ मध्ये मरण पावला. तो मूळचा ज्यू वंशाचा असल्याने धर्मन्यायपीठाने १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. त्याचा ग्रंथ मात्र टिकून राहिला.

एकोणिसावे शतक : कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांनी भांग, गांजा व चरस यांचे प्राण्यांवर व रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग करून १८३९ मध्ये निष्कर्ष मांडले. मद्यार्कात विरघळविलेला दहा ग्रेन नेपाळी चरस एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला दिला असता तो सुस्तावला, शेपटी हलवू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला आणि त्याने अन्न अधाशीपणे खाल्ले, असे त्यांनी नमूद केले आहे. माणसाची मानसिक अपेक्षा किंवा सांगोवांगी यांचा ज्यात प्रश्न येत नाही, असा हा भुकेचा पहिला प्रायोगिक पुरावा म्हणता येईल.

ब्रिटिश संसदेतील प्रश्नोत्तरांच्या परिणामी १८९३ मध्ये भारत सरकारने ‘इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन’ नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून १८९४ मध्ये अहवाल सादर केला. साक्षीदारांना पाठविलेल्या प्रश्नावलीत भुकेसंबंधी दोन प्रश्न होते. माफक सेवन अन्नाला पूरक किंवा पाचक म्हणून हितकारक ठरते काय, हा एक. आणि नित्य सेवनाने पचन बिघडते किंवा भूक नाहीशी होते काय, हा दुसरा. माफक प्रमाणात भूक वाढते व अतिसेवनाने ती मंदावते, असा आशय अनेक साक्षींतून व्यक्त झाला. माफक सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ नाहीत, असा आयोगाचा एकंदर निष्कर्ष होता.

आजचा महाराष्ट्र तेव्हा मुंबई इलाखा, मध्य प्रांत, वऱ्हाड व निजामी मुलूख यांत विभागलेला होता. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. मध्य प्रांतात ही लागवड निमाड जिल्ह्यात खांडव्याच्या परिसरापुरती मर्यादित केलेली होती. भंडारा हा मध्य प्रांताच्या नागपूर विभागातील भातपिकाचा जिल्हा. आयोगाच्या अहवालानंतर दोनच वर्षांनी, १८९६–९७ मध्ये, आणि पुन्हा १८९९–१९०० मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडले. आयोगापुढे भुकेचा जो प्रश्न होता, तो ती टिकते की जाते एवढाच होता. ती जास्त झाली तर काय, हा प्रश्न अशा समाजात कोणी विचारणे संभवनीय नव्हते.

रासायनिक संशोधन : केंब्रिज येथे वुड, स्पिव्ही व ईस्टरफील्ड यांनी १८९६ मध्ये चरसापासून कॅनाबिनॉल वेगळे केले. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉजर ॲडम्स व इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांनी या वर्गातील संयुगांच्या संरचनेवर काम केले. मात्र अफूतील मॉर्फीन १८०५ च्या सुमारासच वेगळे झालेले असताना गांजातील मुख्य मादक द्रव्य हाती लागण्यास १९६४ साल उजाडले. ही द्रव्ये स्फटिकरूपात सहज मिळत नाहीत व तेलकट मिश्रणात एकमेकांत मिसळलेली असतात, हे त्याचे एक कारण होय. इझ्राएलमधील येहिएल गाओनी व राफाएल मेकोलाम यांनी हशीशपासून टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) शुद्ध रूपात मिळवून त्याची संरचना निश्चित केली.

यानंतर भुकेचे मापन सुरू झाले. १९७० नंतरच्या दशकात अल्पकालीन चाचण्या झाल्या. त्यांहून काटेकोर असा प्रयोग अमेरिकेत आर. डब्ल्यू. फोल्टिन व सहकाऱ्यांनी करून १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी काही पुरुष स्वयंसेवकांना प्रयोगशाळेतच राहावयास लावून त्यांच्या खाण्याची रोज नोंद ठेवली. गांजायुक्त विड्या ओढलेल्या दिवसांत त्यांच्या एकूण ऊर्जाग्रहणात सु. ४० टक्के वाढ झाली. वाढ झाली ती मुख्य जेवणात नव्हे, तर मधल्या वेळच्या खाण्यात, विशेषतः गोड पदार्थांत. भुकेपेक्षा खाण्याच्या मोहाशी या द्रव्याचा अधिक निकटचा संबंध आहे, असे यावरून दिसू लागले.

ग्राही व ‘आनंद’ : टीएचसी हे वसेत विरघळणारे असल्याने ते कोशिकांच्या आवरणात शिरून सर्वसाधारण बिघाड घडविते, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. १९८८ मध्ये सेंट लूइस येथील ॲलिन हौलेट व विल्यम डेव्हेन यांनी उंदरांच्या मेंदूत त्याचा विशिष्ट ग्राही असल्याचे दाखविले. १९९० मध्ये लिसा मात्सुदा व सहकाऱ्यांनी या ग्राहीचे जनुक वेगळे केले. त्याला सीबी–१ असे नाव मिळाले. मुख्यत्वे प्रतिकार यंत्रणेतील कोशिकांत आढळणारा सीबी–२ हा दुसरा ग्राही १९९३ मध्ये केंब्रिज येथे सापडला.

एखाद्या वनस्पतीतील द्रव्यासाठी प्राण्याच्या मेंदूत ग्राही असावा, याला अर्थ एकच होता : त्या ग्राहीसाठी शरीरात स्वतःचे द्रव्य असले पाहिजे. १९९२ मध्ये मेकोलाम यांच्या जेरूसलेम येथील प्रयोगशाळेत डेव्हेन, लुमिर हानुश व सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून असे द्रव्य वेगळे केले. ते ॲराकिडॉनिक अम्लापासून बनलेले एक अमाइड आहे. डेव्हेन यांनी संस्कृतातील ‘आनंद’ हा शब्द घेऊन त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. १९९५ मध्ये मेकोलाम यांच्या गटाने कुत्र्याच्या आतड्यातून व जपानमध्ये ताकायुकी सुगिउरा यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतून २–ॲराकिडॉनॉइल ग्लिसरॉल (२–एजी) हे दुसरे द्रव्य शोधले. आनंदामाइडाचे विघटन करणाऱ्या एंझाइमाचे जनुक १९९६ मध्ये ओळखले गेले.

ही द्रव्ये इतर तंत्रिका–संदेशकांहून दोन बाबतींत वेगळी आहेत. एक म्हणजे ती आधी तयार करून साठविली जात नाहीत; गरज पडेल तेव्हा कोशिकेच्या आवरणातील वसेपासून जागीच बनतात व लगेच नष्ट होतात. दुसरे म्हणजे त्यांचा प्रवास उलट्या दिशेने होतो. संदेश घेणारी तंत्रिका कोशिका ही द्रव्ये सोडते व ती संदेश पाठविणाऱ्या कोशिकेवर जाऊन तिचा वेग कमी करतात. हे २००१ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी सिद्ध केले. ही यंत्रणा म्हणजे मेंदूतील बहुतेक संदेशमार्गांवर बसविलेला एक प्रकारचा आवर होय. कोणत्या मार्गावरील आवर घातला जातो, यावर परिणाम अवलंबून असतो.

क्षुधेचे नियंत्रण : सीबी–१ ग्राही अधोथॅलॅमसात, मेंदूतील सुखसंवेदनेशी संबंधित केंद्रांत, गंधकंदात, प्राणेशा तंत्रिकेत, आतड्यात, यकृतात, अग्निपिंडात, स्नायूंत व वसा ऊतकात आढळतो. यामुळे भुकेपासून वसेच्या साठ्यापर्यंतची साखळी एकाच यंत्रणेच्या प्रभावाखाली येते.

इंग्लंडमधील विल्यम्स व कर्कहॅम यांनी १९९९ मध्ये दाखविले की, पोटभर खाल्लेल्या उंदरांना आनंदामाइड टोचल्यास ते पुन्हा खाऊ लागतात आणि सीबी–१ ग्राही अडविल्यास हा परिणाम होत नाही. २००१ मध्ये व्हिन्चेन्झो दि मार्झो व सहकाऱ्यांनी लेप्टिनाशी असलेला संबंध उघड केला. लेप्टिन हे वसा ऊतकात तयार होणारे तृप्तिदर्शक हॉर्मोन आहे. त्याने अधोथॅलॅमसातील कॅनाबिनॉइडांची पातळी उतरते. ज्या उंदरांत लेप्टिनाचे कार्य सदोष असते त्यांत ती चढलेली आढळते. २००२ मध्ये कर्कहॅम यांनी उपाशी उंदरांत ही पातळी वाढते व खाल्ल्यावर उतरते, असे दाखविले. २००१ मध्येच एस्टर फ्राइड यांनी केलेला प्रयोग सर्वांत बोलका आहे. नवजात उंदरांना पहिल्याच दिवशी सीबी–१ रोधक द्रव्य दिले असता ती दूध ओढीनाशी होतात व त्यांतील बहुतेक मरतात. मातेचे पहिले दूध ओढण्याची प्रेरणा या यंत्रणेवर अवलंबून आहे, असे त्यावरून दिसते.

पुढील प्रयोगांनी या चित्रात भर घातली. २०१४ मध्ये असे आढळले की, उपवासाने गंधकंदातील कॅनाबिनॉइडे वाढून उंदरांची वास घेण्याची क्षमता तीक्ष्ण होते व ते अधिक खातात. २०१५ मध्ये येल येथील गटाने दाखविले की, अधोथॅलॅमसातील ज्या कोशिका एरवी तृप्तीचा संदेश देतात, त्याच सीबी–१ च्या प्रभावाखाली खाण्यास उद्युक्त करणारा संदेश देऊ लागतात. चरबीयुक्त अन्नाची नुसती चव जिभेला लागली, तरी उंदरांच्या आतड्यात ही द्रव्ये वाढतात, असे २०११ मध्ये दिसून आले होते.

सारांश, ही यंत्रणा टंचाईच्या काळासाठी घडलेली आहे. अन्न मिळेल याची शाश्वती नसताना अन्नाचा वास लवकर येणे, ते गोड लागणे, मिळाले तेव्हा भुकेपेक्षा थोडे अधिक खाणे आणि जास्तीची ऊर्जा वसेच्या रूपात राखून ठेवणे, ही कामे ती पार पाडते. दुष्काळाच्या प्रदेशात हे वरदान ठरते. अन्न सतत हाताशी असेल तेथे तोच गुण भार बनतो.

स्थूलता : सीबी–१ ग्राहीचे जनुक नसलेले उंदीर कृश राहतात, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. ते कमी खातात एवढेच याचे कारण नाही. त्यांच्या वसा ऊतकात वसेची निर्मितीही कमी होते. २००५ मध्ये यकृतातील सीबी–१ ग्राही वसाम्लांच्या निर्मितीला चालना देतात असे आढळले. माणसांत स्थूल स्त्रियांच्या रक्तात दोन्ही शरीरांतर्गत कॅनाबिनॉइडांचे प्रमाण अधिक असल्याचे २००५ मध्ये जर्मनीतील गटाने दाखविले. २००६ मधील अभ्यासात २–एजीचा संबंध विशेषतः पोटातील, म्हणजे अंतस्त्यांभोवतालच्या वसेशी दिसला. ही वाढ स्थूलतेचे कारण की परिणाम, हे माणसांत निश्चितपणे ठरविता येत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देतात.

पोटातील वसेचा हा मुद्दा भारतीयांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत माता व अर्भके यांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील अर्भके इंग्लंडमधील अर्भकांहून सरासरीने पुष्कळ हलकी होती. त्यांचे स्नायू व अंतस्त्ये लहान होती, पण त्वचेखालील वसा त्या मानाने टिकून होती. यासाठी ‘कृश–स्थूल’ अशी संज्ञा रूढ झाली. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार निर्देशांक २२·३ इतका सारखाच होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात वसेचे प्रमाण ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१·२ टक्के होते. हा अभ्यास कॅनाबिनॉइडांचा नव्हता. परंतु केवळ वजन पाहून भारतीयांच्या स्थूलतेचा निर्णय करता येत नाही, हे त्याने स्पष्ट केले. भारतीयांसाठी २३ पासून अतिभार व २५ पासून स्थूलता मानावी, अशी शिफारस भारतीय तज्ञांच्या गटाने २००९ मध्ये केली.

भंडारा जिल्ह्यातील वरठीसारख्या गावावरून या प्रश्नाचे स्वरूप लक्षात येते. मोहाडी तालुक्यातील हे गाव मुंबई–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानकाचे ठिकाण आहे. सभोवती भातशेती आणि गावात पोलाद कारखाना असे त्याचे रूप आहे. जेथे शेतावरील श्रम व यंत्रावरील पाळी, रोवणीच्या दिवसांतील ओढाताण व स्थानकाबाहेरील तळलेले पदार्थ ही सर्व शेजारी नांदतात, तेथे कमी वजनाचे मूल आणि पोट सुटलेला प्रौढ एकाच घरात असणे शक्य असते. टंचाईच्या अनेक पिढ्यांतून टिकून आलेली भुकेची यंत्रणा दोघांतही तीच असते.

आहारातील वसेच्या प्रकाराचाही प्रश्न संशोधकांपुढे आहे. आनंदामाइड व २–एजी ही दोन्ही ज्यापासून बनतात ते ॲराकिडॉनिक अम्ल शरीरात लिनोलीइक अम्लापासून तयार होते. करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलांत लिनोलीइक अम्ल विपुल असते. जवसाच्या तेलात मुख्यत्वे निराळ्या वर्गातील लिनोलेनिक अम्ल असते. उंदरांच्या आहारात लिनोलीइक अम्ल वाढविल्यास शरीरांतर्गत कॅनाबिनॉइडे व वजन वाढते, असे २०१२ मध्ये आढळले. मात्र यावरून माणसाच्या स्वयंपाकाविषयी नियम काढणे योग्य होणार नाही.

आहारविकार : मनोजन्य क्षुधानाश (ॲनोरेक्सिया नर्व्होसा) या विकाराचे वर्णन १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम गल व फ्रान्समध्ये शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे केले. अधाशीपणे खाऊन मग ते ओकून टाकण्याच्या विकाराला (बुलिमिया नर्व्होसा) जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये स्वतंत्र स्थान दिले. न ओकता वारंवार अतिभक्षण करण्याच्या विकाराला २०१३ मध्ये अमेरिकन वर्गीकरणात अधिकृत मान्यता मिळाली. हे हट्टाचे वा दुर्गुणाचे प्रकार नसून गंभीर आजार आहेत. मनोजन्य क्षुधानाशाने रुग्ण दगावतातही.

इटलीतील मोन्तेलेओने व सहकाऱ्यांना २००५ मध्ये क्षुधानाशाच्या व अतिभक्षणाच्या रुग्णांच्या रक्तात आनंदामाइड वाढलेले आढळले. बुलिमियाच्या रुग्णांत मात्र वाढ नव्हती. परस्परविरुद्ध दिसणाऱ्या दोन विकारांत एकच बदल व्हावा, हे वरवर चमत्कारिक वाटते. उपाशी शरीर भूक वाढविण्याचा प्रयत्न करीत असते व अतिभक्षणात खाण्याचे सुख टिकवून धरले जाते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते. बेल्जियममध्ये २०११ मध्ये झालेल्या मेंदूच्या चित्रणात क्षुधानाशाच्या रुग्णांत सीबी–१ ग्राहींची उपलब्धता वाढलेली दिसली.

भूक वाढविणारे द्रव्य देऊन हा विकार बरा करता येईल, ही कल्पना साहजिक होती. परंतु १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएचसीच्या चाचणीत लाभ झाला नाही, उलट काही रुग्णांना तीव्र मानसिक अस्वास्थ्य झाले. डेन्मार्कमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकाळ आजारी असलेल्या २५ स्त्रियांना कृत्रिम टीएचसी (ड्रोनाबिनॉल) अल्प मात्रेत दिले असता निष्क्रिय गोळीच्या तुलनेत सु. ०·७ किग्रॅ. अधिक वजन वाढले. या विकारात भूक नसते असे नव्हे; भूक असूनही वजनाच्या भयाने रुग्ण तिला नाकारतो. म्हणून केवळ भूक वाढवून प्रश्न सुटत नाही. याउलट एड्सच्या रुग्णांतील क्षुधानाशासाठी ड्रोनाबिनॉलला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. तेथे भूक शरीराच्या आजाराने गेलेली असते.

रिमोनाबंटचा उदय व अस्त : फ्रान्समधील सनोफी कंपनीच्या संशोधकांनी १९९४ मध्ये सीबी–१ ग्राही अडविणारे रिमोनाबंट हे द्रव्य प्रसिद्ध केले. भूक वाढविणारा ग्राही बंद केला, तर वजन उतरेल, हा त्यामागील तर्क होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूरोपातील चाचणीत १,५०७ व्यक्तींनी भाग घेतला. एका वर्षात रोज २० मिग्रॅ. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६·६ किग्रॅ., तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे १·८ किग्रॅ. उतरले; रक्तातील मेदद्रव्यांतही सुधारणा झाली. उत्तर अमेरिकेतील चाचणीत औषध थांबविल्यावर वजन पुन्हा चढले. जून २००६ मध्ये यूरोपीय संघात औषधाला मान्यता मिळाली.

अडचण मनाच्या बाजूने आली. जून २००७ मध्ये अमेरिकेतील सल्लागार समितीने एकमताने मान्यतेविरुद्ध मत दिले. त्याच वर्षी चार चाचण्यांतील ४,१०५ व्यक्तींच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की, खिन्नतेमुळे औषध सोडावे लागण्याची शक्यता निष्क्रिय गोळीच्या मानाने अडीचपट व चिंतेमुळे तिप्पट होती. ज्यांना आधीच गंभीर मानसिक विकार होता त्यांना या चाचण्यांत घेतलेले नसतानाही हे घडले. ऑक्टोबर २००८ मध्ये यूरोपीय औषध संस्थेने विक्री स्थगित करण्याची शिफारस केली व जानेवारी २००९ मध्ये मान्यता संपुष्टात आली. हृद्‌विकारासंबंधीची १८,६९५ रुग्णांची चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. तीत रिमोनाबंट घेणाऱ्यांपैकी चौघांनी व निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी एकाने आत्महत्या केल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातही हे औषध विकले जात होते. डिसेंबर २००९ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून त्याचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली.

या घटनेचा अर्थ लावताना गोव्यातील जुन्या नोंदीची आठवण होते. आनंद व भूक ही एकाच ग्राहीची दोन कार्ये आहेत. म्हणून मेंदूतील तो ग्राही सर्वत्र बंद केला, तर भुकेबरोबर आनंदही कमी होणार, हे अपेक्षित होते. जेवणाचा आनंद हा इतर आनंदांपासून वेगळा काढून ठेवता येत नाही. यानंतर मेंदूत न शिरता यकृत, आतडे व वसा ऊतक यांतीलच ग्राही अडविणारी द्रव्ये शोधण्याकडे संशोधन वळले. त्यांपैकी मोनलुनाबंट या द्रव्याच्या २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत १६ आठवड्यांत वजनात लक्षणीय घट झाली. परंतु मात्रेनुसार वाढणारे सौम्य ते मध्यम मानसिक दुष्परिणामही आढळले.

गांजा व वजन : गांजाने भूक वाढत असताना नित्य सेवन करणाऱ्यांत स्थूलतेचे प्रमाण इतरांपेक्षा कमी असते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहण्यांच्या विश्लेषणात आढळले. नित्य सेवनाने सीबी–१ ग्राहींची संख्या व संवेदनशीलता घटते, असे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. अतिसेवनाने भूक मंदावते, ही १८९४ च्या अहवालातील साक्षीदारांची समजूत येथे आठवते. तथापि यावरून गांजा वजन कमी करण्यासाठी उपयुक्त आहे असे म्हणता येत नाही. त्याच्या सेवनाने, विशेषतः तरुण वयात, मानसिक विकारांचा धोका वाढतो. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यान्वये गांजा व चरस यांवर बंदी आहे. त्या कायद्यातील व्याख्येत पाने व बिया येत नसल्याने भांगेचे नियमन राज्यांच्या कायद्यांनुसार होते.

समारोप : या यंत्रणेचे ज्ञान मिळविण्यास पाऊणशे वर्षे केवळ रसायनशास्त्राची गेली व पुढे ग्राहीपासून औषधापर्यंतचा प्रवास दोन दशकांतच झाला. घाईत एक गोष्ट निसटली : भूक हा केवळ पोटाचा व्यापार नाही. स्थूल व्यक्ती अविचारी आणि क्षुधानाशाची रुग्ण हट्टी, ही समजूत मात्र या संशोधनाने निराधार ठरविली आहे. भुकेमागे इच्छाशक्तीपेक्षा प्राचीन अशी एक रासायनिक व्यवस्था कार्य करते. तिला बंद करणे हा उपाय नव्हे, हे अनुभवाने कळले आहे. तिला धक्का न लावता शरीराच्या कोणत्या भागात ती आवरता येईल, हा पुढील संशोधनाचा विषय आहे. [→ गांजा, भांग, भूक, स्थूलता].